राबिगाचा लाल डबा

एप्रिलपासून राबिगाला सगळंच पिवळसर दिसत होतं. दूध पिवळं, भिंती पिवळ्या, आणि कारखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावरून येणारा धातूही पिवळा. ओस्केमेन शहरातल्या टायटॅनियम कारखान्यात सव्वीस वर्षं तिचं एकच काम: भट्टीतून निघालेल्या करड्या, सच्छिद्र ढेकळांतून पिवळी-निळी झाक असलेली वेचून लाल डब्यात टाकायची. हवा लागून जळालेलं ढेकूळ विमानाच्या भागात गेलं, तर नेमका तिथेच तडा जातो.

आता बिघडलंय काय, भट्टी की डोळे? शुक्रवारी डोळ्यांची तपासणी होती. नापास झाली की पट्टा सुटला, आणि पट्ट्याविना आपण कोण हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यात भर म्हणजे दिवसभर मुठी-मुठीने टाकूनही संध्याकाळी डबा जेमतेम अर्धा. म्हणजे टाकलं असं नुसतं वाटतं की काय? बिचारीचं डोकं भणभणून जाई.

गुरुवारी चहा अर्धा टाकून ती परतली, तर पट्ट्यावर तिच्या शेजारी काम करणारी तरुण तोरगिन तिच्याच डब्यातली ढेकळं पट्ट्यावर ठेवत होती.

"हे काय चाललंय गं?"

तोरगिनचा चेहरा उतरला. राबिगाला ती 'आपाय', म्हणजे ताई, म्हणे. "आपाय, ही चांगली आहेत. तीन महिने मीच परत ठेवतेय. तुम्हाला कसं सांगणार?"

रागवावं की पोरीला जवळ घ्यावं, राबिगाला समजेना. आपल्या डोळ्यांचं हिला कळलं, आपल्यालाच नाही.

"नीट बघून ठेवतेस ना?"

"आधी बघायचे." तोरगिन खाली बघत म्हणाली. "आता तुमचा डबा म्हटल्यावर सगळी चांगलीच असणार म्हणून... फारसं नाही."

राबिगाने पट्ट्याजवळची हातोडी उचलली. चांगला धातू चेपतो, जळालेला फुटतो. त्याला डोळे लागत नाहीत. तोरगिनने पट्ट्यावर परत ठेवलेलं पहिलं ढेकूळ चेपलं. दुसरंही. तिसऱ्याचे तुकडे उडाले.

पट्टा थांबवायचं बटण तिने स्वतःच दाबलं. मुकादम गेनादी धावत आला.

"तीन महिन्यांचा सगळा माल परत तपासा," ती म्हणाली. "आणि उद्याच्या तपासणीतून माझं नाव काढा. डोळे गेलेत माझे."

त्याने फुटलेलं ढेकूळ पाहिलं, मग रडणाऱ्या तोरगिनकडे. "चूक कोणाची?"

"माझी. ही कामावर आली त्या दिवशी मीच बजावलं होतं, मोठ्यांच्या चुका काढायच्या नाहीत म्हणून."