पाण्याच्या पाळीचा आराखडा

मी एक जुना आराखडा आहे. तिरोड्याकडच्या एका गावात, पाणी वापर संस्थेच्या संगणकात राहतो. मित्रांनो, माझ्या अंगावर फक्त चौकटी आणि बाण आहेत. पण एके काळी तलावाचे पाणी माझ्या सांगण्याने शेतांत जाई.

२००८ साली भूमेश्वरीने मला घडवले. ती याच गावची, नागपुरात शिकणारी. संस्थेच्या संगणकावर दोन सेवा, म्हणजे आपापले काम करणारे दोन प्रोग्राम, होत्या. एक पाण्याची पाळी लावून ते सोडी. दुसरी भाताच्या रोवणीच्या बायकांचा जथा उद्या कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जाणार ते सांगे. पण दोघींची ओळखच नव्हती. कोणती सेवा काय देते, तिला काय लागते, कोणत्या अटीवर ती चालते, हे भूमेश्वरीने माझ्यात रेखाटले. त्यावरून यंत्रांना उमगेल असे वर्णन तयार होई आणि त्या दोन्ही सेवा एकमेकींशी बोलत.

जथ्याची म्होरकी रुख्मा एकदा शेजारी येऊन बसली.

"काऊन वो भूमे, एवढे डब्बे कायले काढून राहिली? लगन जुळवून राहिली का कोणाचं?"

"लगनच समज, मावशी. पाण्याचं अन् तुमच्या रोवणीचं. आधी जथ्याले विचारन, मंगच पाणी सुटन."

"मंग माज्या बांधीले इसरू नोको!"

काही हंगाम सुखाचे गेले. दुसऱ्या गावचे लोक मला पाहायला येत. मग भूमेश्वरी नोकरीसाठी दूर गेली.

एका वर्षी आखाडीच्या सणाला बायकांनी सुट्टी घेतली आणि पाणी दिवसभर अडून राहिले. संस्थेतला लोकेंद्र वैतागला. त्याने वर्णनातली जथ्याला विचारायची अट परस्पर पुसून टाकली. मला उघडलेसुद्धा नाही. माझ्यात अट तशीच होती, पण आता तिला कोणी विचारत नव्हते.

पाणी रुख्माच्या बांधीत आले, तेव्हा जथा दुसऱ्याच्या शेतात वाकलेला होता. बायका आल्या तोवर चिखल सुकून टणक झाला होता. पुढची पाळी लांब होती, आणि रोवायची रोपे, म्हणजे परे, जून होत चालले होते.

"लोकेंद्र, माजे परे म्हातारे होऊन राहिले रे! आमाले न विचारता पाणी कायले सोडलं?"

"मशीननं सोडलं, काकी. मले का मालूम?"

मला मालूम होते. मी त्याच पडद्यामागे होतो. रुख्मा पदर सावरून निघून गेली. त्या वर्षी तिची बांधी पडीक राहिली.

मित्रांनो, चालत्या कामात काही बदलायचे असेल, तर आधी त्याचा आराखडा उघडा, त्यातही तो बदल करा. ती अट कोणासाठी घातली होती, ते आम्ही आराखडे सांगू. पण कोणी उघडल्याशिवाय आम्हाला तोंड नसते.