सातवा प्रयोग

कंट्रोल सिस्टिम्सच्या वर्गात तेहतीस मुलं होती, म्हणजे सोळा जोड्या आणि ती. डिप्लोमा करून ती थेट दुसऱ्या वर्षाला आली, तोवर जोड्या जमून गेल्या होत्या. सहा प्रयोग तिने एकटीने निभावले. सातव्याने मात्र नाकी नऊ आणले.

तसा प्रयोग साधाच. छोटी विजेची भट्टी चालू करायची आणि बारा मिनिटं, दर दहा सेकंदांनी, तापमान लिहायचं. एकाने घड्याळ पाहून ‘हं’ म्हणायचं, दुसऱ्याने तापमापकाचा काटा वाचायचा. तिने घड्याळ पाहिलं की काटा निसटे, काटा पाहिला की घड्याळ पुढे पळे. मोबाइल तर दाराशीच जमा. तीनदा तारांबळ उडाल्यावर तिने भट्टीशी काडीमोड घेतला आणि सरळ सूत्रातून आकडे काढून जर्नल भरलं. आज शेवटची तारीख होती. सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

सरांनी आलेखावरून बोट फिरवलं. "फारच शहाणी भट्टी दिसतेय. एकही आकडा वाकडा नाही."

चोराच्या मनात चांदणं.

"जोडीदार कोण तुझा?"

"कुणी नाही."

"अगं, मग आधी सांगायचं ना."

"कुणाला?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

अख्खं सत्र सर याच टेबलाजवळून ये-जा करत होते. त्यांनी ते पान फाडलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. "कर चालू."

"हं," सर म्हणत, आणि ती आकडा बोलून लिही. "एकतीस." "हं." "छत्तीस." मध्येच विजेचा दाब घसरला, काटा अडखळला, दोन-तीन आकडे वाकडे आले. तरी तिला हसू येत होतं. या खोलीत तिच्याशी इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं, आणि हे बोलणं तरी काय, नुसतं ‘हं’.

काटा ब्याऐंशीवर स्थिरावला. बारा मिनिटं झाली. सरांनी सही केली, घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं.

"सर, अजून पाच मिनिटं घेऊ या?"

"काटा कधीचा थांबलाय. आता काय बदलणार?"

"काही नाही," ती म्हणाली. पण भट्टीचं बटण बंद करायला तिचा हात जाईना.