माझ्या पोटाखालची तार

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथून माझ्यासारख्या गाड्या रांगेने बाहेर पडत. आम्ही स्वस्तातल्या. आमचं चित्र कोणी खोलीच्या भिंतीवर लावत नाही. आमच्याकडे कोणी वळून बघत नाही. कामावर जा, भाजीची पिशवी हँडलला अडकवा, घरी या, एवढंच आमचं आयुष्य. त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्त असणं हा काही गुन्हा नाही.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते एका परिचारिकेने. दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत, घरातली भाचरं मावशी म्हणत. मीही तिला मावशीच म्हणते. तिच्या कामाच्या वेळा विचित्र होत्या, कधी पहाटे, कधी भर दुपारी. पण घाईत असली तरी निघण्याआधी ती खाली वाकून इंजिनाच्या बाजूची छोटी काच बघायची. तेल किती आहे हे त्या काचेत दिसतं. रुग्णाची नाडी बघावी तशी ती बघायची. गॅरेजवाला एकदा म्हणाला, "सिस्टर, ही गाडी तुमच्यापेक्षा जास्त जगणार बघा!" तशी मावशी म्हणाली, "जगू दे की. तिचे गुडघे कुठे दुखतात!"

मावशीचे गुडघे मात्र खरोखरच दुखत होते. शेवटी मला स्टँडवर चढवणंसुद्धा तिला जमेना. तेव्हा तिच्या बहिणीचा मुलगा आला. हा भाचा गाड्यांना रंग मारण्याच्या कारखान्यात काम करायचा. हात असा की ठोकर लागलेला दरवाजा त्याच्याकडे दिला तर ठोकर कुठे लागली होती हे मालकालाही सांगता येऊ नये. तो माझ्या टाकीवर हात फिरवत म्हणाला, "मावशी, ही दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. मला दे. मी हिला जिवापाड जपेन."

मावशी चटकन हो म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला ती कपडा घेऊन माझे आरसे पुसत बसली.

भाच्याच्या मनात वेगळंच होतं. त्याला मला रस्त्यावर चालवायचंच नव्हतं. गावाबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक होता. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक तिथे सरावाला जमत. त्याला त्यांच्यात शिरायचं होतं, आणि महागड्या गाडीची ऐपत नव्हती म्हणून मला ट्रॅकची गाडी बनवायचं त्याने ठरवलं.

कारखान्याच्या मागच्या खोलीत त्याने मला सोलायला सुरुवात केली. सोलायला हाच शब्द बरोबर आहे. आरसे गेले, हॉर्न गेला. दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट, मागचं सीट, स्टँड, सगळं एका खोक्यात जाऊन पडलं. ज्या दिव्याने मी मावशीला अंधारातून घरी आणलं, त्याचा आंधळा डोळा त्या खोक्यातून माझ्याकडे बघत होता. मला संताप आला. पण मी अन्यायाने बोलणार नाही. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, म्हणून दिवा लागत नाही. पडलं तर काचा फुटून दुसऱ्याच्या चाकाखाली येतात, म्हणून त्या आधीच काढायच्या. हे सगळं शहाणपणाचंच होतं. नंतर त्याने हँडल खाली घेतलं, पाय ठेवायच्या दांड्या मागे आणि वर सरकवल्या, मऊ रबराचे टायर चढवले, ब्रेकची जुनी नळी काढून पक्की नळी बसवली. अंगावर फायबरचा अंगरखा घातला.

आणि ट्रॅकवर पहिल्यांदा गेले तेव्हा, मित्रांनो, मला वाटलं, अरे, हे माझ्यात होतं? इतकी वर्षं मी खड्डे चुकवत, सिग्नलला थांबत जगले होते. इथे वळणावर मी अशी कलले की त्याचा गुडघा जमिनीला टेकला आणि तरी मी घसरले नाही. तो हेल्मेटमध्ये ओरडत होता. मीही ओरडत होते. त्या दिवशी त्याने मला सोलल्याचं मी विसरून गेले.

ट्रॅकवर एक बाई यायची. ती पोहायला शिकवायची, म्हणून सगळे तिला पाणकोंबडी म्हणत, आणि तीही "आले रे, पाणकोंबडी आली!" असं म्हणतच टेम्पोतून गाडी उतरवायची. भाचा तिला ताई म्हणे. वळणात शिरायच्या आधी नजर कुठे ठेवायची, हे त्याला तिनेच शिकवलं. दोघांचा वेग सारखाच, त्यामुळे सरावात दोघे एकमेकांच्या मागे-पुढे असायचे.

आता मूळ गोष्टीवर येते. इंजिन सतत थरथरतं आणि त्या थरथरीने बोल्ट सैल होतात. म्हणून ट्रॅकच्या गाडीला एक नियम असतो. महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक छिद्र पाडायचं, त्यातून तार ओवायची आणि ती इंजिनाला पिळून बांधायची. मग बोल्ट सैल झाला तरी सुटून पडत नाही. सगळ्यात महत्त्वाचा बोल्ट माझ्या पोटाखालचा. तो निघाला की इंजिनातलं सगळं तेल जमिनीवर येतं. सरावाच्या दिवसांत तपासनीस फार ताणत नसे. पण मोसमाची पहिली शर्यत जवळ आली तेव्हा त्याने सगळ्यांना बजावलं, "तार बघितल्याशिवाय कोणाला आत सोडणार नाही."

भाच्याने छिद्र पाडायला घेतलं. बोल्ट कडक पोलादाचा. ड्रिलचं टोक घसरलं, मग कट्‌कन मोडलं. दुसरं टोक लावलं, तेही मोडलं. हे चिकाटीचं काम आहे. हळू दाब द्यायचा, तेलाचे थेंब सोडायचे, पुन्हा दाब द्यायचा. चिकाटी त्याच्याकडे नव्हती असं नाही! माझ्या टाकीवरची एक निळी रेघ नीट यावी म्हणून त्याने ती पुन्हा पुन्हा घासून पुन्हा पुन्हा मारली होती. ज्वाळांची चित्रं काढली होती. सांडलेलं तेल झेलायला माझ्या पोटाखाली फायबरचं खोलगट तबक होतं, त्यालाही त्याने खिडकी कापली होती. का, तर आतला चकचकीत सायलेन्सर लोकांना दिसावा! जिथे लोकांची नजर जाते तिथे चिकाटी, आणि जिथे जात नाही तिथे आळस.

"खाली कोण बघतंय?" तो स्वतःशीच म्हणाला. त्याने तार घेतली, बोल्टच्या डोक्याभोवती नुसतीच गुंडाळली आणि दुसरं टोक इंजिनाला छान पिळून बांधलं. टॉर्चच्या उजेडात बघणाऱ्याला तार दिसली असती. छिद्र नाही हे दिसलं नसतं.

तपासनीसाला दिसलं नाही. भाचा मला ढकलत बाहेर आला तेव्हा पाणकोंबडी हातमोजे चढवत होती. ती म्हणाली, "काय रे, तार नीट मारलीस ना? मी तुझ्या मागेच असणार आहे."

"हो ताई. सगळीकडे मारलीय."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा फुटावी म्हणून मी काय दिलं नसतं! पण मला तोंड नाही. हॉर्न होता, तोही त्या खोक्यात पडलेला.

शर्यत सुरू झाली. बोल्ट एकेक आटा सैल होतोय हे मला कळत होतं. मी थरथरून सांगत होते. त्याला वाटलं, आज गाडी जोशात आहे. लांब उजव्या वळणात शिरताना बोल्ट निसटला. उकळतं तेल तबकात आलं आणि त्या कापलेल्या खिडकीतून बाहेर पडलं. माझं मागचं चाक सरकलं, भाचा वळणाबाहेरच्या खडीत जाऊन आडवा झाला आणि कपडे झटकत उभा राहिला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पाणकोंबडी मात्र त्या तेलावर आली. तिची गाडी एकीकडे गेली, ती दुसरीकडे. आदळल्याचा आवाज मी खडीतून ऐकला. ती उठली नाही. तिला उचलून न्यावं लागलं. खांदा मोडला होता.

लोक धावत आले. "काय झालं? काय झालं?" आणि तेव्हा हा माझा जिवापाड जपणारा काय म्हणाला ते ऐका.

"इंजिनानेच दगा दिला. जुनी, स्वस्तातली गाडी हो. माझ्या मावशीने गळ्यात मारली."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे तर अंगणाला खड्डा पाडणारा हाच, आणि ठपका अंगणावर! लोकांनी माना हलवल्या. कोणी माझ्या टायरला लाथ मारली. खाली वाकून कोणी बघितलं नाही. स्वस्तातली गाडी म्हटलं की लोकांना आणखी पुरावा लागत नाही.

घरीही त्याने तेच सांगितलं. मला मागच्या खोलीत लोटलं, अंगावर ताडपत्री टाकली, आणि माझ्या सीटवर रंगाचे रिकामे डबे येऊन बसले. त्याने मला बघायचंच सोडलं. गुन्ह्याच्या जागेकडे कोण बघेल?

पण ते खापर एकट्या माझ्यावर फुटलं नव्हतं. मावशीला झोप लागेना. आपण दिलेल्या गाडीमुळे एका बाईचा खांदा गेला, हे तिच्या मनाला खात होतं. शेवटी ती दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून पाणकोंबडीच्या घरी गेली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, मला माफ करा. गाडी माझी होती." पाणकोंबडीने तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमच्याकडे असताना कधी तेल गळलं होतं का?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग चला. आपण एकदा गाडी बघूया."

दोघी कारखान्यात आल्या. भाचा समोर होता. ताईला बघून त्याच्या हातातली रंग फवारायची बंदूक खाली आली. मावशीने डबे खाली ठेवले, ताडपत्री ओढली. ताईचा हात झोळीत, तिला वाकता येईना. तेव्हा मावशी जमिनीवर रद्दी टाकून बसली, कण्हत आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड तबकाच्या खिडकीतून माझ्या पोटाखाली धरला.

"काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"बोल्टच्या जागी नुसतं भोक आहे. आणि एक तार आहे. इंजिनाला बांधलेली. पुढे तिचा गोल फास आहे."

"तार कुठे तुटलीय?"

"तुटलेली नाही. अखंड आहे. अगदी नीट वळवलेली."

मावशी हळूहळू उठून बसली. तिलाही समजलं होतं. छिद्रातून ओवलेली तार असती तर बोल्ट तिच्यात लटकत राहिला असता.

"मी तुला विचारलं होतं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्याला धार होती. "तुझ्या तोंडावर विचारलं होतं."

"ताई, ड्रिल मोडत होतं... घाई होती... मला वाटलं, एका शर्यतीला काय होतंय..."

"आणि मावशीचं नाव? तेही घाईतच घेतलंस?"

तो रडायला लागला. "मावशी, चुकलं माझं."

मावशीने त्याला जवळ घेतलं नाही. "मला काय सांगतोस? मी इतके दिवस झोपले नाही, या बाईसमोर मान खाली घालून माफी मागितली. तू हिलाही खोटं पाडलंस." ही म्हणजे मी. तिचा हात माझ्या टाकीवर होता. "जा, ट्रॅकवर जाऊन सांग. सगळ्यांसमोर."

तो गेला. ज्या जागी मला नावं ठेवली होती, तिथेच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. ट्रॅकवाल्यांनी त्याला तो मोसमभर आत पाऊल टाकू दिलं नाही. बरं केलं.

मावशीने मला परत घेतलं आणि ताईच्या हवाली केलं. देण्याआधी तिने भाच्याकडून नव्या बोल्टला छिद्र पाडून घेतलं, स्वतः शेजारी स्टूल टाकून. टोकं मोडली. "दुसरं लाव," ती म्हणायची. त्याने लावलं. शेवटी पोलाद आरपार झालं, आणि त्याने ते तिला उजेडासमोर धरून दाखवलं. तिने मान हलवली, शाबासकी दिली नाही.

ताईचा खांदा पूर्वीसारखा झाला नाही. पाण्यात उतरली तर तो हात डोक्याच्या वर जात नाही. काठावर उभी राहून ती मुलांना शिकवते. माझ्यावर ती बसते, पण मोठ्या वळणात अजून कचरते, आणि मला ते प्रत्येक वेळी कळतं. म्हणून माझा राग उतरत नाही. भाचा आता सुधारला आहे म्हणतात. सुधारला असेल. पण त्याच्या सुधारण्याने ताईचा हात वर जात नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसा, पाणी मारून चकाचक करा, रंगवा, आम्हाला त्याची हौस नाही असं नाही. पण कोणाला न दिसणारी जागा आधी नीट करा, कारण तुमच्या मागून येणारा माणूस तुमच्या शब्दावर विसंबून असतो. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने कबूल करा. जुन्यावर, स्वस्तावर, मुक्यावर ती ढकलू नका. आम्ही उलटून बोलत नाही, याचा अर्थ आमचं चुकलं होतं असा होत नाही.