पुलाच्या पुढे कोणी जाईना

मी एक चित्र बोलतंय. भिंतीवर टांगायचं नव्हे, गुंडाळून ठेवायचं. लांबी वीस फूट, वय आठशेच्या पुढे. सध्या मुक्काम प्राचीन चिनी कलेच्या प्रदर्शनात, तिसऱ्या दालनात, काचेच्या पेटीत. पेटी चार फुटांची. म्हणजे मी चार फूट उघडं आणि सोळा फूट बंद.

मला रंगवणारा नोकरीपायी घरापासून लांब पडला होता. आईकडे जाता येईना, म्हणून त्याने रेशमावर वाट काढली. उजवीकडे पूल, पुलावर पाठीला बोचकं बांधलेला माणूस, मग धुकं, डोंगर, आणि पार डाव्या टोकाला दारात उभी म्हातारी. मला एका हाताने उलगडत, दुसऱ्या हाताने गुंडाळत बघायचं असतं. बघणाऱ्याच्या हातानेच तो माणूस घरी पोचतो.

मालक बरेच झाले. प्रत्येकाने माझ्यावर आपला लाल शिक्का उमटवला. चांगली वस्तू दिसली की माणसाला तिच्यावर आपलं नाव हवंच. पण ते निदान शेवटपर्यंत बघत तरी. इथे लोक पुलाचा फोटो काढतात आणि फुलदाण्यांकडे वळतात.

मला इथे आणलं त्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाईंनी मला मेजावर पूर्ण उलगडून तपासलं होतं. मग प्रदर्शन भरवणाऱ्या साहेबांना म्हणाल्या, "दर आठवड्याला थोडं पुढे सरकवू या."

"पोस्टरवर पूल छापलाय, बाई. लोक पूलच शोधत येणार. नाही दिसला तर शिव्या कोण खाणार?"

"पण साहेब, ती म्हातारी..."

"कुठली म्हातारी?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. प्रदर्शन यांचं, आणि यांनीच मला धड पाहिलेलं नाही.

काल एका मुलीने आजोबांना विचारलं, "हा कुठे चाललाय?"

आजोबांनी पाटी वाचली. 'पुलावरील वाटसरू', एवढंच. "कुठेच नाही, बाळा. उभा आहे नुसता."

आठशे वर्षं चालणाऱ्याला एका पाटीने उभं करून टाकलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण काचेआड माझं कोण ऐकतं?

उद्या प्रदर्शन संपतंय. उजेडाने रंग उडतात, म्हणून मला पाच वर्षं अंधारात ठेवतील. पुढच्या वेळी पुन्हा तोच पूल उघडतील, कारण पोस्टर तयारच आहे. बाई तोवर निवृत्त झालेल्या असतील.

तेव्हा तुम्ही आलात, तर साहेबांना एवढंच विचारा, हा माणूस कुठे चाललाय. उत्तर द्यायला तरी त्यांना मला उघडावं लागेल.