ऑप्शन भरायचा नाही

सोमवारी सकाळी साडेनऊला अनुपमाच्या मोबाइलवर कंपनीचा मेल आला. युरोपातल्या ज्या जुन्या शहराच्या बंदरातून तिचं प्रवासी जहाज सुटायचं, त्या शहरानं मोठ्या जहाजांना बंदी घातली होती. चार हजार प्रवाशांचं तिचं जहाज या मोसमात उभंच राहणार होतं. कंपनीच्या एका लहान जहाजाला परवानगी होती; त्यावर केबिन आवरणाऱ्यांच्या मदतनिसांच्या बावीस जागा होत्या. पद एक पायरी खालचं. इच्छुकांनी बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवायचा होता.

अनुपमा अठ्ठावीस वर्षांची. जहाजावर केबिन आवरण्याचे तीन करार पूर्ण करून ती दौंडला सुट्टीवर आली होती. चौथ्याला सुपरवायझर होणार होती. त्याआधी चार वर्षं तिनं सणसवाडीच्या एका कारखान्यात उभ्यानं पॅकिंग केलं होतं. दर सात महिन्यांनी ठेकेदार कामावरून ब्रेक द्यायचा, मग पुन्हा गेटवर रांग. तिथं परत जायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

तिनं मेल आईवडिलांना मराठीत वाचून दाखवला. वडील कोंडिबा रेल्वेत पस्तीस वर्षं रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते आणि तितकीच वर्षं युनियनमध्ये.

"ऑप्शन मागत्यात म्हंजी," ते म्हणाले. "भरायचा न्हाई."

"आबा, ही रेल्वे न्हाई."

"कामगार सगळीकडं सारखाच. आमच्याकडं दुसऱ्या जागी जायचं ऑप्शन फॉर्म आलं, तवा घाईनं भरणाऱ्यांची सिनिऑरिटी गेली. आमी शंभर जण गप बसलो. शेवटी सायब स्वतः आला. एकी पायजे."

आई धुरपदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन् त्या गावाचं जहाजानं काय वाकडं केलंय?"

"आमचं जहाज लागलं की धक्क्यामागच्या गल्लीत ऊन येत न्हाई, आई. बारा मजली हाय ते. एक म्हातारी आम्हाला बघून दर वेळी खिडकी लावून घ्यायची. त्यांचं बरोबर हाय."

"मग तुझं चुकलं व्हय?"

अनुपमानं मेल पुन्हा उघडला.

त्याच दुपारी तिनं जहाजावरच्या मराठी मुलामुलींच्या ग्रुपवर लिहिलं : खालच्या पदाला कुणीच होकार द्यायचा नाही, कंपनीला झुकावं लागेल. अकरा जणांनी 'मान्य' म्हणून अंगठा टाकला. शिरूरच्या नीलमचा अंगठा सगळ्यात आधी आला. तीन करार दोघी एकाच केबिनमध्ये झोपल्या होत्या.

बुधवारचे सहा वाजून गेले. कंपनीकडून काही आलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं पुण्याच्या एजंटला फोन केला. बावीसच्या बावीस जागा मंगळवारी दुपारीच भरल्या होत्या. बाकीच्यांचे करार बंद. तिनं लगेच नीलमला फोन लावला.

"मी सोमवारीच होकार दिला, अनू."

"मग अंगठा कशाला दिलास?"

"सगळ्यांनी दिला म्हणून. अगं, ग्रुपवरचा अंगठा कुणी खरा धरतं का? युनियनच्या नेत्याची पोरगी तू!" नीलम हसली. "मला वाटलं, तूपण गुपचूप दिला असशील."

कोंडिबांनी तिला एजंटला पुन्हा फोन लावायला सांगितलं आणि मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. ते उभं राहून बोलले.

"सायब, पोरीनं माझ्या सांगण्यावरनं होकार दिला न्हाई. तिची चूक न्हाई. तसं लिहून देतो, सही करतो."

"काका, कुणाला देणार लिहून? जहाज लिस्टवर चालतं. लिस्ट वर गेली."

"वरचा सायब कोण हाय?"

"मलाच माहीत नाही, काका."

फोन बंद झाला, तरी त्यांनी तो कानाला तसाच धरून ठेवला. अनुपमानं तो हळूच काढून घेतला, बाहेर गेली आणि सणसवाडीच्या जुन्या लेबर ठेकेदाराचा नंबर शोधला.

"मल्हारीमामा, अनुपमा बोलतीय, दौंडची. पॅकिंगला होते."

"अगं, तू तर जहाजावर गेलीस ना? वय किती आता?"

"अठ्ठावीस."

"पंचवीसच्या आतल्याच घ्यायला सांगितल्यात, बाई."

"मामा, कुठल्याबी पाळीला येते."

"तसं न्हाई गं."

"झाडायला, पुसायला घ्या. मला चांगलं येतं ते," ती म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाली, "मामा, फोन ठेवू नका."