चार बोटांवरची फुली

मी स्टीलची डेग, चाळीस लिटरची. नांदेडजवळ विष्णुपुरीला चंद्रप्रभाबाईंच्या मागच्या पडवीत माझा मुक्काम असतो. आज जरा निवांत आहे, म्हणून बोलतेय.

माझा जन्म नजीरभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. आतून हात फिरवला तर सांधा कुठं आहे ते कळत नाही, असं त्यांचं काम.

चंद्रप्रभाबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ज्वारीचा सिरका करायचं मनावर घेतलं. मोड आणलेली ज्वारी वाळवून भरडायची आणि पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. मग रस गोड होतो, तो आंबवला की सिरका. पाणी जास्त तापलं तर गोडी येतच नाही. म्हणून मला तापमापक बसवायचा होता. बाईंनी तळापासून चार बोटांवर निळ्या पेनानं फुली मारली आणि मला नजीरभाईंकडे पाठवलं.

भोक पडलं अकरा बोटांवर.

मी चकचकीत होऊन परत आले, बाईंनी तेवढंच पाहिलं. पहिल्याच दिवशी मी अर्धीच भरलेली होते. तापमापकाची दांडी पाण्याच्या वर, वाफेत लोंबकळत होती. काटा पन्नाशीच्या पुढं सरकेना, म्हणून बाई गॅस वाढवत गेल्या. मला खाली चटके बसत होते, पण सांगणार कशी? तासाभरानं बाईंनी बशीत रस घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. काळानिळा झाला, म्हणजे स्टार्च तसाच राहिला होता. गोडी आलीच नव्हती. आठ दिवस मोड आणून वाळवलेली ज्वारी वाया गेली.

बाईंनी मला रिक्षात घातलं आणि थेट दुकान गाठलं.

"नजीरभाई, हे काय केलंत?"

"मॅडम, खूण होती तिथंच भोक मारलं की."

"खूण ही खाली आहे. अजून पुसलेली नाही."

नजीरभाई वाकले. माझ्या पोटावरून त्यांची बोटं फिरली, फुलीवरून गेली आणि पुढं निघून गेली. "कुठं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांच्या पत्नी गौसियाबी डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "मला तर म्हणून राहिले होते, चष्म्यावर धूळ हाय," त्या म्हणाल्या.

नजीरभाई स्टुलावर बसले. "मोतीबिंदू हाय, मॅडम. दोन्ही डोळ्यांत. लोकांना कळलं तर काम कोण देईल?"

बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्या म्हणाल्या, "हे भोक तुम्हीच बुजवायचं. आधी डोळे करून घ्या. मी थांबते."

"दुसऱ्याकडून करून घ्या. लई दिवस लागतील."

"लागू द्या."

मग मी दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिले. पोटात पाली फिरल्या. एकदा भंगारवाल्यानं मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. गौसियाबींनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "ती मॅडमची हाय," एवढंच म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं व्हायला अडीच महिने गेले. एका सकाळी नजीरभाई आले, मला उजेडात फिरवून पाहिलं आणि फुली दिसताच बसून राहिले. "गौसिया, निळी हाय ही," ते म्हणाले. "मी वरच्या काळ्या डागालाच खूण समजलो होतो."

त्यांनी पत्र्याची गोल चकती कापून वरचं भोक वेल्डिंगनं बंद केलं, घासून सपाट केलं. मग बरोबर फुलीवर नवीन भोक पाडलं, तापमापक बसवला, गळ्यापर्यंत पाणी भरून दुपारभर ठेवलं. एक थेंबही गळला नाही.

नंतरच्या पहिल्या घाण्याला ते स्वतः गौसियाबींना घेऊन पडवीत हजर होते. काटा बाईंच्या आधी त्यांनीच वाचला. "पासष्ट." तासाभरानं बाईंनी त्यांना वाटीभर गोड रस दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेला गौसियाबींकडे सरकवला.

माझ्या पोटावर आता रुपयाएवढं ठिगळ आहे. कुणी विचारलं तर बाई सांगतात, "ते नजीरभाईंचं काम." माझं मागणं एवढंच, की घासताना त्या ठिगळाला जपू नका. खुशाल जोर लावा. पक्कं बसलंय ते.