एवेलियोच्या केळीवरच्या अळ्या

माझा धाकटा भाऊ एवेलियो तसा शांत माणूस. पण त्या सकाळी अळ्यांनी कुरतडलेलं केळीचं पान हातात घेऊन तो तणतणत दोमितिलाच्या दारात गेला. मीही मागोमाग गेले. आमच्या सारापिकी गावात फुकटची करमणूक रोज कुठे मिळते?

दोमितिला विधवा. नदीकाठी जाळीच्या खोलीत फुलपाखरं वाढवायची आणि त्यांचे कोश परदेशी पाठवायची.

“बाई, तुमची ही पिलावळ माझी बाग खातेय!”

पानावर बोटापेक्षा लांब, शिंगाळ्या डोक्याची अळी होती. ती बघून दोमितिला हरखलीच. “अगंबाई, घुबडी फुलपाखराची अळी! ही माझी नव्हे हो, रानातली आहे. माझ्याकडच्या साऱ्या रोगानं गेल्या. मारू नका, मला आणून द्या. कॉफी पाजते.”

दुसऱ्या दिवसापासून एवेलियो दाढी करून, टोपली घेऊन निघू लागला. परतायचा थेट जेवायला.

“एका कॉफीला एवढा वेळ?”

“गरम होती, ताई.”

पुढे बागेतल्या अळ्या संपल्या, तरी याच्या टोपलीत रोज एखादी असायचीच. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर तळहाताहून मोठं तपकिरी फुलपाखरू बसलेलं दिसलं. पंखावरचा पिवळ्या कडेचा, घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका माझ्यावर रोखलेला. मी किंचाळले, घेवड्याचं पातेलं खाली. हे घरात आलं कुठून म्हणून शोधलं, तर एवेलियोच्या खाटेखाली खोकं! आत केळीची पानं, अळ्या, एक फुटलेला कोश.

त्याचे कान लाल झाले. “सगळ्या एकदम दिल्या, तर उद्या काय नेऊ?”

मी सकाळी उठून दोमितिलाला सगळं सांगितलं. ती ॲप्रनला डोळे पुसेपर्यंत हसली.

“मला ठाऊक होतं. रानातल्या अळीच्या पाठीवर गोधडीचे धागे कुठून येतील?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर यायचा थांबला असता ना!”

रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. एवेलियोला बजावलं, “आज रिकाम्या हातानं बस.” बिचारा खाली मान घालून भात चिवडत होता. दोमितिलानं आपल्या ताटातलं तळलेलं केळं त्याच्या ताटात ठेवलं आणि म्हणाली, “उद्याही असेच या. नुसते.”

नाताळाआधी त्यांचं लग्न झालं. आता तो नदीकाठी राहतो. दुपारी मी तिकडे जाते. दोघं फुलपाखरांसाठी फळं कापत एकमेकांच्या चुका काढत असतात, आणि मी पाय पसरून बसते. छान जाते दुपार.